हैदराबादलाच चढू म्हटलं: उदगीरहून एका बारशाला

"अक्का, मुलगी झाली," असं बसूनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी माझ्या पिको-फॉलच्या दुकानात एका बाईंना साडीवर मॅचिंग अस्तर दाखवत होते. बसू म्हणजे बसवराज, माझा धाकटा भाऊ. अहमदाबादला औषधाच्या कंपनीत आहे. त्याच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की नातेवाइकांनी विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं. ही बातमी ऐकायला आई राहिली नाही, वडीलही राहिले नाहीत. मी त्या बाईंना म्हटलं, आज अस्तर फुकट घेऊन जा, पैसे नकोत. बाईंना वाटलं मला काहीतरी झालं. झालंच होतं.

आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. नुसतं सुचवत नाही, ठेवते. नाव तिनं मनात धरायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि बारशाला बाळ पाळण्यात घातलं की पहिल्यांदा बाळाच्याच कानात सांगायचं. या बाळाला मी एकटीच आत्या. दुसरी सख्खी नाही, चुलत नाही, कुठलीच नाही. खरं सांगते, आई-वडील गेल्यापासून माहेर म्हणजे बसू, आणि बसू तिकडे गुजरातेत. राखीला कुरिअर, दिवाळीला व्हिडिओ कॉल. या घरात आता आपलं काही काम उरलंय का, असं कधीकधी दुपारी दुकानात बसल्याबसल्या वाटायचं. हे एक काम असं होतं की माझ्याशिवाय कुणाला करता येणार नव्हतं. त्यामुळे मी जाणार होते. कसंही करून जाणार होते, आणि वेळेवर जाणार होते.

आता माझ्या ब्लॉगचे वाचक विचारतील, उदगीरहून अहमदाबादला रेल्वेनं का नाही? जाता येतं. आधी मुंबई, मग तिथून दुसरी गाडी, आणि दोन रात्री हाडं खिळखिळी. पण माझी अडचण पाण्याची होती. यंदाचा उन्हाळा दुष्काळाचा. नगरपालिकेचं पाणी पंधरा-पंधरा दिवसांनी येतं आणि नेमकी आमच्या गल्लीची पाळी बारशाच्या दोन दिवस आधी होती. पाणी भरल्याशिवाय मी घरातून हलू शकत नव्हते. आमच्या यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडतीचं दुकान आहे, माणूस भला आहे, पण यांच्या भरवशावर पाणी सोडलं तर टाकी भरायच्या आधी गल्लीतल्या चार जणांशी गप्पा भरतील. म्हणून ठरलं, पाणी भरायचं आणि दुसऱ्या दिवशी विमानानं जायचं. नांदेडहून मुंबई, मुंबईहून अहमदाबाद, संध्याकाळी घरी. बारसं त्याच्या पुढच्या सकाळी. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, तोही नांदेडहून. मी नवी बॅग घेतली.

तिकीट आमच्या ऑनलाइन सेंटरवाल्या सरांनी काढलं. परतीचं वेगळं काढलं, ते का चांगलं झालं ते पुढे कळेल. आठवडाभरानं मोबाइलवर मेसेज आला की मुंबईच्या विमानतळावर धावपट्टीचं काम सुरू असल्यानं तुमचं विमान रद्द झालंय. मी सरांकडे धावले. ते म्हणाले, "मॅडम, मुंबईत धावपट्ट्यांचं काम काढलंय. आठवड्यातले काही दिवस दुपारभर बंद ठेवून राहिले. मोठ्या गावांच्या विमानांना जागा पुरंना, तर आपल्या नांदेडला कोण विचारतंय. कंपनी तुम्हाला हैदराबादवरून पाठवतो म्हणते. नांदेड ते हैदराबाद, मग हैदराबाद ते अहमदाबाद. एकच तिकीट, पैसे वाढत न्हाईत."

म्हणजे बघा. उदगीरहून हैदराबाद खाली दक्षिणेकडे. आम्ही लोक लग्नाचा बस्ता बांधायला, डोळे दाखवायला, सगळ्याला हैदराबादला जातो. निजामाच्या वेळेपासूनची सवय. आणि आता मी आधी उत्तरेला नांदेडला जायचं आणि तिथून विमानात बसून पुन्हा आमच्याच डोक्यावरून हैदराबादला यायचं. आमच्या यांना जेवताना हसू आवरेना. म्हणाले, "विमान उदगीरवर आलं की हात दाखव, मी गच्चीवर थांबतो." मी म्हटलं, तुम्ही थांबाच. पण मनात ठरवलं होतं, चंद्रावरून न्या, पण बारशाला न्या.

पाण्याची पाळी पार पडली. टाकी, दोन पिंपं, सगळ्या घागरी, अगदी पिठाचा रिकामा डबासुद्धा भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ आणि पूजा उरकून सलीमभाईंच्या गाडीत बसले. सलीमभाई आमच्या बाजारातले. त्यांच्या वडिलांचं आमच्या दुकानाशेजारी शिलाईचं दुकान होतं, सलीमभाईंनी गाडी घेतली. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून घरोबा. बॅगेत बाळाचं झबलं, टोपडं, संगीतासाठी, म्हणजे माझ्या भावजयीसाठी डिंकाचे लाडू, आणि एका डबीत विभूती. नाव मनात.

जळकोटपर्यंत रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना ज्वारीची धसकटं, मध्येच एखादी विहीर, तिच्यावर वाकून बघणारी माणसं. एका गावाबाहेर जनावरांची छावणी लागली. देवणी गाई, काळ्या-पांढऱ्या, एरवी किती रुबाबदार, त्या दिवशी उसाच्या वाढ्यांवर मान घालून गप्प उभ्या होत्या. सलीमभाई म्हणाले, "भाभी, आमच्या मामूकडं अशी जोडी होती. मागल्या महिन्यात इकडंच आणून बांधली."

आणि जळकोटच्या चौकात गाडी थांबली. पुढे ट्रक, जीपा, एसटी, सगळ्यांची रांग. रस्त्यावर सतरंज्या टाकून माणसं बसलेली, डोक्यावर मांडव, लाउडस्पीकर. रास्ता रोको. मागणी आमचीच, उदगीरला वेगळा जिल्हा करा, जळकोट, देवणी त्यात घ्या. लातूर किती लांब पडतं हे आम्हाला काय सांगायचं, एका सहीसाठी अख्खा दिवस जातो. मी स्वतः या मागणीला पाठिंबा दिलाय. पण आज नको ना रे बाबांनो.

मी उतरून पुढे गेले. आंदोलनात एक ओळखीचे निघाले, त्यांच्या बायकोची साडी माझ्याकडून पिको होते.

"ताई, तुमच्याच जिल्ह्यासाठी बसून राहिलो," ते म्हणाले.

"जिल्हा मला बी पाहिजे. पण नांदेडहून माझं विमान हाय. भावाच्या लेकीचं बारसं हाय."

"जिल्हा झाला की विमानतळ बी आपलाच होईल. मग घरातून निघून चढा."

"तो होईपर्यंत ती पोरगी कॉलेजात जाईल. गाडी सोडा."

तेवढ्यात पाण्याचा एक टँकर आला आणि लोकांनी सतरंजी गुंडाळून त्याला वाट दिली. मी म्हटलं, "टँकरला वाट हाय आन माणसाला न्हाई का?" ते खाली मान घालून म्हणाले, "टँकर अडवला तर गावं आमच्यावरच येतील, ताई. तहसीलदार निवेदन घ्यायला येऊ द्या, लगेच उठतो." तहसीलदार कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मुखेडकडच्या रस्त्यावरही लोक बसले होते.

मी गाडीत येऊन बसले. घड्याळ बघवत नव्हतं. तेव्हा सलीमभाई अगदी सहज म्हणाले, "भाभी, विमान जाणार कुठं? हैदराबादलाच ना? मग अपुन सीधे हैदराबादला जाऊ. तिथंच चढू."

मी यांना फोन लावला. हे म्हणाले, "बरोबर बोलतो सलीम. आपण लातूरहून पुण्याचं रिझर्वेशन करतो आन पुढच्या थांब्यावर, मुरुडला चढतो. कंडक्टर काही म्हणतो का? सीट आपली हाय." सेंटरवाल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, हैदराबादला तर तुम्ही उतरणारच होता ना? मग तिथंच चढा. नांदेडची सीट रिकामी जाईल एवढंच." म्हणजे मी, माझा नवरा, सलीमभाई आणि तिकीट काढणारा माणूस, चौघांचंही एकमत झालं. विमान कंपनीला विचारावं हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. का येईल? पैसे भरलेली सीट ती, पुढच्या थांब्यावर बसलं तर कुणाचं काय जातं?

गाडी वळवली. उदगीर ओलांडून कमालनगरवरून बीदर. कर्नाटकात शिरलं की रस्ता सुधारतो, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. बीदरच्या अलीकडे एका हॉटेलात उप्पिट आणि मिरचीभजी खाल्ली, गरम आणि स्वस्त. मालक कन्नडमध्ये बोलत होता, सलीमभाई दखनीत, मी मराठीत, बिल बरोबर आलं. जहीराबादनंतर मोठा रस्ता लागतो आणि मग हैदराबादच्या बाहेरून फिरणारा रिंग रोड. तो घेतला की शहराच्या गर्दीत न शिरता थेट विमानतळाकडे निघता येतं. टोल लागतो, पण वेळ वाचतो. माझ्या मनाला जरा उभारी आली होती. नांदेडहून आमचं विमान उडायची वेळ झाली तेव्हा आम्ही जहीराबादच्या पुढे होतो. मी सलीमभाईंना म्हटलं, बघा, आपण विमानाच्या पुढेच आहोत.

विमानतळाजवळ आलो तर सगळीकडे पत्रे. इमारत वाढवायचं काम चाललंय. जुन्या पाट्या झाकलेल्या, नव्या पाट्यांवर बाण, ते बाण आपल्याला फिरवून पुन्हा त्याच वळणावर आणतात. सलीमभाईंनी तीन चकरा मारल्या. इथे जाणार असाल तर कामं चालू असेपर्यंत हातात भरपूर वेळ ठेवा, गाडीनं गेटापर्यंत पोचायलाच वेळ जातो. एका बाजूला मातीचे ढीग होते आणि धूळ उडू नये म्हणून टँकर त्या मातीवर पाणी मारत होता. वापरलेलं पाणी असेल, मला माहीत आहे. तरी सलीमभाईंनी गाडी हळू केली आणि आम्ही दोघंही बघत राहिलो. ते पाणी मातीत जिरेपर्यंत.

काउंटरवरची मुलगी गोड होती. तिनं माझा आधार घेतला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं, पुन्हा बघितलं.

"मॅडम, आप नांदेड से नहीं चढ़े?"

"रास्ता बंद था, बेटा. इसलिए गाडी से इधर आ गए."

"तो आपका आगे का टिकट भी कैंसल हो गया. पहली फ्लाइट में नहीं बैठे तो पूरा टिकट चला जाता है. आपकी सीट दूसरे पैसेंजर को दे दी."

मला कळेना ती काय म्हणते आहे. सलीमभाई आत येऊ शकत नव्हते, ते बाहेरच्या काचेपाशी उभे होते. मी त्यांच्याशी फोनवर बोलले तर ते फोनमधूनच तिला समजवायला लागले, "अजी बेटा, वो सीट तो नांदेड से खालीच आई ना. भाभीकीच सीट हाय. भाभी आ गए, अब बैठने देव." ती मुलगी ऐकत होती आणि मान हलवत होती. तिच्या वरचे साहेब आले. त्यांनीही तेच सांगितलं. नियम आहे. एका तिकिटातले दोन प्रवास असतील आणि पहिला चुकवला, तर पुढचा आपोआप जातो. एसटीसारखं पुढच्या थांब्यावर चढता येत नाही. वाचकहो, हे ठळक अक्षरात मनात लिहून ठेवा. आमच्या भागात ही चूक मी पहिली केली असेल, पण शेवटची करणार नाही याची खात्री आहे, कारण परत आल्यावर ज्याला ज्याला सांगितलं तो आधी म्हणाला, "असं कसं? सीट तर आपलीच की."

मला रडू आलं. काउंटरसमोर, नव्या बॅगेवर हात ठेवून, पन्नाशीची बाई रडली. मग डोळे पुसले आणि विचारलं, आता अहमदाबादला आज काय आहे? संध्याकाळचं विमान भरलेलं. उद्या सकाळचं आहे, सरळ अहमदाबाद, जागा आहे. तिकीट पहिल्याहून बरंच महाग. मी म्हटलं, द्या. साहेब म्हणाले, घरी विचारून घ्या. मी म्हटलं, घरात नाही, मला विचारा, आणि मी द्या म्हणतेय.

पण ते विमान उतरणार, मग मी घरी पोचणार, तोवर बारशाचा मुहूर्त टळून जाणार होता. आमच्या जंगम स्वामींनी काढून दिलेला मुहूर्त, शेजारपाजारच्यांना निमंत्रणं गेलेली. बसूला फोन केला. तो म्हणाला, "अक्का, मुहूर्त पुढं ढकलता येत न्हाई. तू नाव सांग. इथं आमच्या शेजारच्या काकू आहेत, त्यांच्या तोंडून कानात सांगू."

मी म्हटलं, नाव फोनवर सांगणार नाही. आणि फोन ठेवला. रागावले होते. त्याच्यावर नाही, रस्त्यावर, जिल्ह्यावर, धावपट्टीवर, माझ्यावर. शेजारच्या काकू. इतक्या वर्षांनी आलेलं आमच्या घरचं लेकरू, आणि त्याच्या कानात पहिला आवाज शेजारच्या काकूंचा.

सलीमभाईंनी मला त्यांच्या बहिणीकडे नेलं. रेहाना आपा शहरातच राहतात. मला काही विचारलं नाही, आधी चहा दिला, मग म्हणाल्या, "सुबह आपकी पूजा होती ना? पानी की फिक्र नक्को करो." मी लिंगायत, गळ्यात इष्टलिंग आहे. सकाळी अंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय मी काही खात-पीत नाही, हे त्यांना सलीमभाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्याकडेही टँकरच येत होता. तरी सकाळी न्हाणीत नवी बादली भरलेली होती आणि वर झाकण होतं. त्यांच्या पुढच्या खोलीत, एका कोपऱ्यात बसून मी पूजा केली. आपांनी तेवढ्या वेळ दार ओढून घेतलं आणि नातवंडांना गप्प बसवलं.

पूजा करताना मला एकदम स्वच्छ दिसलं. मी नाव दाबून ठेवलं तर शिक्षा कुणाला? त्या लेकराला. त्याचा मुहूर्त जाईल आणि माझा मान राहील. हा कसला मान. मी उठले आणि संगीताला फोन लावला. बसूला नाही, तिला.

"संगीता, ऐक. नाव नीलांबिका. मुहूर्ताला तू सांग तिच्या कानात. काकू न्हाई, कुणी न्हाई, तूच."

ती हळूच म्हणाली, "वन्सं, आईनं नाव सांगायचं असतं का?"

"रीत मोडली तर माझ्या डोक्यावर. मुहूर्त मोडायचा न्हाई. आन मी येऊन राहिले. थांबणार न्हाई मी."

"या," ती म्हणाली. एवढंच.

विमानतळावरच्या तपासणीत मला धास्ती होती ती गळ्यातल्या लिंगाची. काढून ट्रेमध्ये ठेवा म्हटले असते तर मी तिथूनच परतले असते की काय, देव जाणे. बाई पोलिसांनी पडद्याआड नेलं, मी चांदीची करडगी, म्हणजे लिंगाची डबी, हातात धरून उघडून दाखवली. त्यांनी हात न लावता बघितलं आणि जाऊ दिलं. आमच्यातल्या बायकांनी उगीच घाबरू नये म्हणून लिहिते, नीट सांगितलं तर समजून घेतात. विमान उडालं. सगळे विचारतात, पहिल्यांदा उडताना कसं वाटलं. मला काही वाटलं नाही. मी मुहूर्ताची वेळ होताना बघत होते. ढगांच्या वर होते आणि मुहूर्त झाला.

अहमदाबादला बाहेर पडून रिक्षा केली. सोसायटीच्या जिन्यात बायका घुगऱ्यांचे द्रोण घेऊन खाली उतरत होत्या. झालं होतं सगळं. घरात शिरले तर पाळणा फुलांनी सजवलेला, त्यात बाळ झोपलेलं, बसू खुर्च्या आवरत होता. त्यानं मला बघितलं आणि पुढे होऊन बॅग घेतली. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. मी नाव दिलं होतं, तेवढंच, आणि ते फोनवरून कुणीही देऊ शकलं असतं.

संगीता आतून आली. बाळंतीण, अजून चेहरा उतरलेला. म्हणाली, "वन्सं, हात धुऊन पाळण्यापाशी या."

"झालं ना आता," मी म्हटलं.

"नाव सांगून झालं. मुहूर्ताला सांगितलं. आत्यानं पाठवलंय म्हणून सांगितलं. पण कुर्र केलं न्हाई. काकू म्हणाल्या मी करते. मी न्हाई करू दिलं. ते तुमचं हाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करते, आणि त्याच वेळी मागे उभ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. गंमत असते. पण आता मागे कुणी नव्हतं. बायका तर जिना उतरून गेल्या होत्या.

मी वाकले. झोपलेल्या नीलाचा कान केवढासा. म्हटलं, कुर्र, नीलांबिका. तिनं तोंड वाकडं केलं. आणि माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा बसला की मी पाळण्याची दांडी धरली. बाळंतिणीच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"हा उशिराचा," संगीता म्हणाली. आणि दुसरा घातला. "हा पाठीत धपाटे खायला आलात न्हाई म्हणून." तिसरा घालायला हात उचलला आणि तो तसाच माझ्या पाठीवर ठेवून रडायला लागली. "आईकडचं कुणी येऊ शकलं न्हाई, वन्सं. निलंग्यात पाणीच न्हाई, आई घर सोडंना. तुमचीच वाट बघत होते मी." मग मीही रडले. बसू खुर्ची हातात धरून तसाच उभा होता. मी त्याला म्हटलं, तू काय बघतोस, लाडू काढ.

तिथे चार दिवस राहिले. शहर पाहिलं नाही, त्यामुळे अहमदाबादबद्दल मी काही सांगू शकत नाही, माफ करा. नीला दुपारी झोपत नाही आणि संध्याकाळी रडते, एवढं मात्र सविस्तर सांगू शकते.

परतीचं तिकीट वेगळं होतं म्हणून वाचलं होतं. अहमदाबाद ते मुंबई ते नांदेड, आणि या वेळी शहाण्यासारखी पहिल्या थांब्यापासून बसले. अहमदाबादच्या तपासणीत पाण्याची बाटली टाका म्हणाले. माझ्या हातून ते होईना. भरलेली बाटली त्या डब्यात टाकायची? मी रांगेतून बाजूला झाले, ती सगळी तिथेच उभ्यानं पिऊन टाकली आणि रिकामी बाटली आत नेली. मुंबईवर विमान बराच वेळ घिरट्या घालत राहिलं, धावपट्टीचं काम अजून चालूच होतं, उतरताना खिडकीतून खणलेली पट्टी आणि तिच्यावर रांगेत उभी असलेली मशिनं दिसली. नांदेडचं विमान उशिरा सुटलं, पण सुटलं.

नांदेडवर उतरताना खालची गोदावरी बघा. यंदा पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसत होती. नांदेडचा विमानतळ लहान आहे, विमानातून उतरून चालत इमारतीत यायचं, बॅग लगेच मिळते, बाहेर रिक्षा असतात. पहिल्यांदा उडणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, कुणी धक्का मारत नाही. वेळ असेल तर गुरुद्वाऱ्यात लंगर घ्या, मी घेतला, डाळ-रोटी पोटभर. मग बसस्थानकावरून एसटीनं कंधारमार्गे उदगीर. जळकोटच्या चौकात मांडव नव्हता, सतरंज्या नव्हत्या. जिल्हा काही झाला नव्हता. आंदोलनातले ते ओळखीचे गृहस्थ चहाच्या टपरीवर उभे होते, त्यांनी खिडकीतून मला ओळखलं आणि हात वर करून विचारलं, झालं का बारसं? मी मान डोलावली.

घरी आल्यावर दोन दिवस सगळ्यांना तिकिटाचीच गोष्ट सांगत होते. सेंटरवाल्या सरांनी आपल्या टेबलावर कागद चिकटवलाय, 'पहिल्या स्टॉपवरूनच चढावे'. आता जाणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. काम चालू असलेल्या विमानतळावर लवकर पोचा, विमानाचा मार्ग बदलला तर कंपनीला स्वतः फोन करा, आणि जाणं-येणं वेगळ्या तिकिटांवर ठेवा.

आणि मनातलं. नीलाच्या कानात पहिला आवाज माझा नव्हता, याची चुटपुट आहे, ती राहणार. पण रस्ता अडला तेव्हा घरी परतले असते, तिकीट गेलं तेव्हा उद्या काय करायचंय जाऊन म्हटलं असतं, तर संगीता त्या पाळण्यापाशी एकटी उभी राहिली असती. ती माझी वाट बघत होती हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

पाठीत मात्र अजून ठणकतं, जिथे माझा हात पोचत नाही बरोबर तिथे. काल हे बाम घेऊन आले, म्हणाले, वळ, लावून देतो. मी म्हटलं, राहू द्या ओ. दुखू द्या थोडं.